ट्रेलरच्या छतावरचं व्हेंट कव्हर: निवड, मापं आणि बसवणी

बाहेर पाऊस लागलेला, आत गॅसवर भात शिजतोय, बाजूला लसूण-मिरचीची फोडणी तडतडतेय आणि छतावरचं व्हेंट, म्हणजे हवा जायची झाकण असलेली चौकोनी खिडकी, बंद. दोन मिनिटांत सगळे खोकायला लागतात, खिडक्यांवर वाफ साचते. व्हेंट उघडावं तर पाणी सरळ गादीवर. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना ही अडचण जरा जास्तच जाणवते, कारण आपला स्वयंपाक म्हणजे सँडविच नव्हे. प्रोपेनच्या शेगडीच्या ज्वाळेतून वाफ आणि कार्बन मोनॉक्साइडही निघतो. म्हणून स्वयंपाक करताना व्हेंट आणि एक खिडकी उघडी ठेवायची सूचना शेगडीजवळच चिकटवलेली असते. पाऊस आहे म्हणून ती सूचना रद्द होत नाही.

व्हेंट कव्हर म्हणजे छतावरच्या व्हेंटवर बसणारी प्लॅस्टिकची मोठी टोपी. तिच्या मागच्या बाजूला तिरक्या पट्ट्यांची झडप असते आणि आत जाळी. तिच्याखाली व्हेंटचं झाकण पावसातही उघडं राहतं. दुसरा फायदा झाकणाचा. मूळ झाकण पातळ प्लॅस्टिकचं असतं, अ‍ॅरिझोनासारख्या उन्हात काही वर्षांत ते ठिसूळ होतं आणि मग एका गारेनेही फुटतं. टोपी ते ऊन आणि त्या गारा स्वतःवर घेते. गाडी चालत असताना चुकून उघडं राहिलेलं झाकण वाऱ्याने उखडून जाण्याचा धोकाही टळतो.

एक गोष्ट मात्र कव्हर करत नाही: गळती थांबवत नाही. व्हेंटच्या चौकटीभोवतीचं सीलंट (फटी बुजवणारा लेप) फाटलं असेल तर पाणी कव्हरच्या बाहेरून, छतावरून वाहत येऊन तिथेच शिरणार. गळक्या व्हेंटवर कव्हर बसवलं की गळती दिसेनाशी होते, एवढंच. म्हणून आधी छत, मग कव्हर.

छतावर नक्की काय काय आहे

पहिल्यांदा वर चढल्यावर चार-पाच उंचवटे दिसतात आणि सगळ्यांनाच टोपी लागते असं वाटतं. तसं नाही. कव्हर लागतं ते १४ गुणिले १४ इंचांच्या चौकोनी व्हेंटला. अमेरिकेत ट्रेलरच्या व्हेंटचं हे जवळजवळ ठरलेलं माप आहे; प्रत्यक्ष भोक सव्वाचौदा इंचांपर्यंत भरतं. बाथरूममध्ये एक असतं, आणि स्वयंपाकघरात किंवा पलंगावर एखादं.

पाइपच्या तोंडावर बसवलेल्या लहान गोल टोप्या सांडपाण्याच्या टाक्यांच्या हवेसाठी असतात. त्यांना हात लावायचा नाही. लांबट आयताकृती जाळीदार टोपी फ्रिजची. फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर त्याची गरम हवा आणि जळालेला वायू तिथूनच बाहेर पडतो. त्यावर दुसरं काहीही झाकण घालू नका. फ्रिज नीट थंड करणार नाही, आणि वायू कोंडला तर धोका वेगळाच.

कोणतं कव्हर घ्यायचं

इथे सगळा प्रश्न पंख्याचा आहे. तुमचं व्हेंट तीनपैकी एका प्रकारात बसेल.

हाताने फिरवायचं झाकण, खाली पंखा नाही किंवा सहा-सात इंची छोटा पंखा: याला साधं कव्हर पुरतं. मॅक्सएअर, कॅम्को यांची मूळ मॉडेलं याच कामाची.

बारा इंची पात्यांचा ताकदीचा पंखा, म्हणजे फॅन-टॅस्टिकसारखा: हे पंखे मिनिटाला ९०० घनफुटांच्या आसपास हवा ओढतात. यावर साधं कव्हर बसवलं तर दोन गोष्टी होतात. हवा बाहेर पडायला वाट कमी पडते, पंखा घुमतो आणि आवाज वाढतो, पण खोलीतला धूर तसाच राहतो. दुसरं जास्त महागात पडतं. या पंख्याचं घुमटाकार झाकण खूप वर उचललं जातं आणि कव्हरच्या छताला आतून टेकतं. झाकण मोटरने उघडणारं असेल तर मोटर ढकलतच राहते आणि उचलणाऱ्या यंत्रणेच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते झिजतात. म्हणून अशा पंख्यांना त्यांच्यासाठीच बनवलेलं मोठं कव्हर घ्या. खोक्यावर पंख्याच्या मॉडेलांची यादी असते, ती वाचा. पंख्याला पावसाचा सेन्सर असेल तर कव्हरखाली तो कोरडाच राहील आणि झाकण आपोआप बंद होणार नाही. ते हवंच आहे.

तिसरा प्रकार मॅक्सफॅन डिलक्ससारखा, ज्याला पावसाची टोपी जन्मजातच असते. त्याला काहीही बसवायचं नाही. पैसे वाचले.

रंगाकडे लोक सहज दुर्लक्ष करतात, पण फरक पडतो. पांढऱ्यातून मऊ उजेड येतो आणि ते कमी तापतं. बाथरूम आणि ओट्यावर तेच बरं. पलंगावर पांढरं लावलं तर पहाटे साडेपाचला सूर्य डोळ्यांवर येतो; तिथे काळं किंवा धुरकट रंगाचं घ्या. काळं जास्त तापतं हे खरं, पण झाकण उघडं असताना ती उष्णता वरच्या वर निघून जाते.

दुकानात कव्हर हातात घेऊन दोन गोष्टी बघा. कडा अंगठ्याने दाबून जाडी, आणि जाळी वेगळी काढता येते का ते. जाळी काढता येत नसेल तर ते कव्हर दुसऱ्या वर्षी धुळीने तुंबतं.

विकत घेण्याआधीची मापं

छतावर एकदा मोजपट्टी घेऊन जा आणि ही मापं कागदावर उतरवा. अंदाजाने मागवलेली कव्हरं परत पाठवावी लागण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

• भोकाचं आतलं माप, आणि चौकटीच्या उभ्या कडेचं बाहेरून बाहेर माप.
• त्या उभ्या कडेची छतापासूनची उंची. कव्हरचे पाय, म्हणजे ब्रॅकेट, हिलाच बसतात. कडा फार बुटकी असेल तर ब्रॅकेटला जागा उरत नाही.
• झाकण पूर्ण उघडल्यावर त्याच्या टोकाची छतापासूनची उंची.
• व्हेंटच्या मध्यापासून चारी बाजूंना मोकळी जागा. साधं कव्हर साधारण दीड फूट रुंद-लांब, मोठं दोन फुटांच्या जवळपास. मागे झडपेसमोर काही इंच तरी मोकळे हवेत.

एसी, सोलर पॅनेल आणि वर-खाली होणारा टीव्ही अँटेना हे तिघे नेहमी आड येतात. अँटेना उचलून पूर्ण गोल फिरवून बघा, कव्हरच्या जागेवरून जातो का. सोलर पॅनेलच्या पूर्व किंवा पश्चिमेला कव्हर आलं तर सकाळ-संध्याकाळ सावली पडते, आणि पॅनेलचा एक कोपरा झाकला तरी वीज बरीच घटते.

उंचीचं म्हणाल तर कव्हर छतापासून नऊ-दहा इंच वर येतं. छतावर एसी असेल तर सहसा सगळ्यात उंच तोच असतो, त्यामुळे ट्रेलरची एकूण उंची वाढत नाही. एसी नसलेल्या छोट्या ट्रेलरची मात्र वाढते. घराचं गॅरेज किंवा कारपोर्ट मोजून घ्या, आणि नवी उंची लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या काचेवर लावून ठेवा.

सामान

कव्हरच्या खोक्यात साधारण चार ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर आणि नट येतात. बोल्ट स्टेनलेस नसतील तर तेवढे वेगळे घ्या. गंजलेल्या बोल्टचे तपकिरी ओघळ पांढऱ्या छतावरून जात नाहीत. नट नायलॉक हवेत, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव प्लॅस्टिकच्या चौकटीजवळ वापरू नका, त्याने काही प्लॅस्टिकला तडे जातात.

याशिवाय बॅटरीवर चालणारं ड्रिल, ⅛ इंच आणि ¼ इंच बिट (बोल्ट वेगळ्या मापाचे असतील तर त्या मापाचं), सेंटर पंच, बारीक कानस, पाना, मार्कर, रंगाऱ्यांची चिकटपट्टी, जुनं फडकं, आणि सीलंटची एक नळी. रबरी छतासाठी डायकोरसारखं लॅप सीलंट घ्या: सपाट भागाला आपोआप पसरणारं, उभ्या किंवा उताराच्या भागाला न ओघळणारं. एका व्हेंटच्या डागडुजीला एक नळी पुरते.

सिलिकॉन घरात पडलेलं असतं म्हणून तेच वर नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. रबरी छतावर ते धड चिकटत नाही, आणि एकदा लागलं की त्या जागी नंतर चांगलं सीलंटही धरत नाही.

छतावर जाताना

कोरडा, वारा नसलेला दिवस बघा; तापमान ५० ते ८५ फॅरनहाइट असेल तर सीलंट नीट पसरतं आणि तुमचे गुडघेही भाजत नाहीत. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा, आधाराचे जॅक खाली करा. वेगळी शिडी लावत असाल तर दर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, आणि शिडीचं टोक छताच्या कडेच्या तीन फूट वर.

सगळी छतं माणसाचं वजन पेलणारी नसतात. कारखान्यातून मागे शिडी लावलेली नसेल तर आधी पुस्तिका बघा. चालण्याजोगं असलं तरी दोन बाय चार फुटांची प्लायवुडची फळी, खाली जुन्या गालिचाचा तुकडा, आणि गुडघ्यांवर चालणं. वजन पसरतं आणि फळीचा कोपरा रबरात रुतत नाही. पंख्याचं व्हेंट असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी सोडवा किंवा त्या पंख्याचा फ्यूज काढा, बाहेरची वीजही सोडवा.

आधी छताची तपासणी

हा भाग अर्धा तास खातो आणि सगळ्यात मोलाचा आहे. पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतात तसंच हे.

व्हेंटभोवती एक फुटापर्यंतचा भाग साध्या भांड्यांच्या साबणाने आणि पाण्याने धुवा. पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा पेट्रोलियमयुक्त क्लीनर रबरी छताला लावू नका. रबर फुगतं आणि प्लायवुडपासून सुटतं. हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागत असेल तर छत बहुधा ईपीडीएम रबराचं आहे. टीपीओ या दुसऱ्या प्रकारच्या छतावर तशी पूड फारशी येत नाही.

कोरडं झाल्यावर चौकटीभोवतीचं सीलंट बघा. भेगा, उचललेली कड, आणि विशेषतः स्क्रूच्या डोक्यांवर पडलेली छोटी भोकं. पाणी शिरतं ते बहुतेक त्या स्क्रूंवाटेच. सीलंट घट्ट चिकटलेलं असेल आणि फक्त भेगा असतील तर स्वच्छ करून वरूनच नवा थर द्या. उचललेलं असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलून काढा. लोखंडी पातं रबर फाडतं.

मग चौकटीच्या चारी बाजूंना तळहाताने दाबा. कुठे स्पंजासारखं दबत असेल तर खालचं प्लायवुड कुजलं आहे. तिथे थांबा. व्हेंट काढून लाकूड बदलणं आधी, कव्हर नंतर.

झाकणाला तडा असेल तर तेही आत्ताच बदला, कव्हर बसल्यावर हात घालायला जागा उरत नाही. झाकणांच्या बिजागऱ्या कंपनीगणिक वेगळ्या असतात आणि एकीचं दुसरीला बसत नाही. बिजागरीचा जवळून फोटो काढून मगच मागवा.

बसवणी

कव्हर व्हेंटवर नुसतं ठेवा, झडप ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे. ही दिशा उलटी झाली तर ताशी ६० मैलांच्या वेगात पाऊस आणि वारा सरळ आत ढकलला जातो. आता कुणाला तरी आतून झाकण पूर्ण उघडायला सांगा. वर टेकतं का ऐका. टेकत असेल तर पुढे जाऊ नका, कव्हर बदला.

ब्रॅकेट चौकटीच्या डाव्या आणि उजव्या उभ्या कडेला, दोन-दोन. जागा मार्करने खूण करा, पण भोक पाडण्याआधी एक गोष्ट तपासा. झाकण बंद असताना त्याची कड चौकटीच्या बाहेरून थोडी खाली येते. बोल्ट त्या कडेच्या खालीच यायला हवा. वर आला तर झाकण बोल्टवर बसतं, पूर्ण मिटत नाही, आणि कव्हर लावल्यामुळे ते वरून दिसतही नाही. हिवाळ्यात हीटर चालू असताना गार झुळूक कुठून येते ते शोधत बसावं लागतं.

आतल्या बाजूने जाळी काढून भोकात फडकं कोंबा, धातूचा चुरा पलंगावर पडणार नाही. पंख्याच्या तारा कोणत्या कोपऱ्यातून जातात ते बघून ठेवा. ड्रिल बिटला टोकापासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टी गुंडाळा. तेवढंच आत जायचं. खुणेवर पंच मारा, नाहीतर बिट पत्र्यावरून घसरतं. आधी ⅛ इंची भोक, मग बोल्टच्या मापाचं. ड्रिलचा वेग कमी, दाब हलका. चौकट प्लॅस्टिकची असेल तर पंच मारूच नका, आणि जोर लावू नका, तडा थेट कडेपर्यंत जातो.

भोक फक्त उभ्या कडेत. छताच्या रबरात एकही भोक पडता कामा नये. ब्रॅकेट छतालाच स्क्रूने ठोकलं तर बसतं भक्कम, पण तुम्ही गळतीची चार नवी तोंडं उघडलेली असतात.

भोकाच्या कडा कानसेने साफ करा. पत्र्याची चौकट असेल तर उघड्या धातूला प्रायमरचा ठिपका लावा. बोल्टच्या दांड्याला थोडं सीलंट लावून तो आतून बाहेर घाला, म्हणजे आतल्या बाजूला चपटं डोकं राहील आणि जाळी परत बसेल. बाहेरून ब्रॅकेट, वॉशर, नट. प्लॅस्टिकच्या चौकटीला दोन्ही बाजूंना वॉशर हवा. एक बोल्ट बसला की झाकण मिटून बघा, मग बाकीचे तीन.

काही मोठ्या कव्हरांचे पाय चौकटीच्या सपाट भागावर, आधीच्याच स्क्रूखाली बसतात. तिथे सीलंट खरवडून एकेक स्क्रू काढा, पायाखाली ब्यूटाइल टेपचा (मऊ, चिकट रबरी पट्टीचा) तुकडा दाबा, तोच स्क्रू परत घट्ट करा आणि डोक्यावर नवं सीलंट घाला. चारही स्क्रू एकदम काढायचे नाहीत.

कव्हर आता ब्रॅकेटवर ठेवा. कव्हरची खालची कड छताला टेकू देऊ नका. प्रवासात हादऱ्यांनी ती कानसेसारखी घासते आणि रबराला रेघ पाडते. ब्रॅकेटला लांबट भोक असतं ते याच समायोजनासाठी. चारही नट आधी हाताने, मग आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा. कव्हरचं प्लॅस्टिक बोल्टजवळ पांढरं पडायला लागलं किंवा आत दबलं तर जास्त झालं, पाव फेरा सोडा.

चाचणी

फडकं काढा, जाळी लावा, वीज जोडा. झाकण उघडून पंखा पूर्ण वेगात चालवा आणि एक खिडकी उघडा. खिडकीशी धरलेला टिश्यू पेपर आत ओढला गेला पाहिजे. मग झाकण उघडं ठेवून बागेच्या नळीने पाणी मारा, पाच मिनिटं पुढून आणि वरून, पावसासारखं. मागच्या झडपेवर जोराची धार मारून थेंब आले म्हणून घाबरू नका, त्या कोनातून पाऊस क्वचितच येतो. वादळी वाऱ्यात मात्र येतो, तेव्हा झाकण मिटायचं.

नवं सीलंट घातलं असेल तर ही पाण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी करा. वरची साय लवकर धरते, आतून पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात.

पहिल्या वीस-तीस मैलांनंतर थांबून नट पुन्हा तपासा. खडखड येत असेल तर आवळण्याआधी कव्हर आणि ब्रॅकेटच्या मध्ये रबरी वॉशर घालून बघा. नुसतं आवळत गेलं की तडा ठरलेला.

नंतरची देखभाल

अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत छताचं सीलंट दर ९० दिवसांनी बघायला सांगितलेलं असतं. त्याच फेरीत कव्हर उचलून आत डोकवा. वसंतात गांधीलमाश्या झडपेच्या कोपऱ्यात घर करतात. आत आधी टॉर्च मारा, हात नंतर.

जाळीचं मराठी दुखणं वेगळं आहे. फोडणीचं तेल वाफेबरोबर वर जातं, जाळीवर बसतं, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि एका मोसमात जाळीचा नमदा होतो. पंख्याचा आवाज बदलला, धूर रेंगाळायला लागला की हेच झालेलं असतं. व्हेंटची आतली जाळी आणि कव्हरची जाळी दोन्ही काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने अर्धा तास भिजवा आणि मऊ ब्रशने घासा. कव्हरची झडप जागेवरच धुता येते.

हिवाळ्यात ट्रेलर उभा ठेवताना झाकण कव्हरखाली इंचभर उघडं ठेवलं तर आत ओल आणि कुबट वास धरत नाही. जिथे वाऱ्याबरोबर भुरभुरीत बर्फ उडतो तिथे मात्र ते मिटलेलंच बरं, तो बर्फ झडपेतून आत येतो.

कव्हरचा रंग खडूसारखा पांढुरका झाला म्हणजे ते लगेच टाकायचं असं नाही. बोल्टभोवती अंगठ्याने दाबा. बारीक भेगा उमटल्या किंवा करकर आवाज आला तर बदला. त्याच कंपनीचं तेच मॉडेल घेतलं तर बरेचदा जुन्याच ब्रॅकेटवर बसतं आणि पुन्हा ड्रिल काढावं लागत नाही, म्हणून जुन्या कव्हरच्या आतला मॉडेल नंबर टाकण्याआधी लिहून घ्या.